प्रश्न वाचकांचे : कॅम्पबेलटाऊनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी

मागील अंकातील स्कॉटलंडविषयक टिपणात स्प्रिंगबँक या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या डिस्टिलरीचा ओझरता उल्लेख आला होता. किंटायर द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ असलेल्या कॅम्पबेलटाऊन या बंदराच्या गावात ती १८२८ पासून उभी आहे आणि बार्लीला मोड आणण्यापासून बाटलीवर चिठ्ठी चिकटवण्यापर्यंतचे प्रत्येक काम एकाच गावात, आपल्याच हाताने करते, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून पुढील प्रश्न निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून काही प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातून काढलेली व्हिस्की, असे माझे मित्र ठामपणे सांगतात. ते खरे आहे का? आणि जेमतेम तीन डिस्टिलऱ्या असलेल्या एका गावाला स्कॉच व्हिस्कीच्या नकाशावर स्वतंत्र जागा कशी मिळाली? – एक वाचक, पुणे

उत्तर : मित्रांचा समज चुकीचा आहे. सिंगल माल्ट एकाच डिस्टिलरीत तयार झालेली असावी लागते; तिच्यासाठी पिंपे कितीही एकत्र केली तरी चालतात. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार ती केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून (आपल्याकडील सातू किंवा जव), पॉट स्टिल म्हणजे तांब्याच्या घडाकृती भांड्यांत घाण्याघाण्याने गाळलेली आणि ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत, स्कॉटलंडच्याच भूमीवर, किमान तीन वर्षे मुरलेली असली पाहिजे. बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असून चालत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रंजक आहे. याच नियमांत हायलंड, लोलंड, स्पेसाइड, आयला बेट आणि कॅम्पबेलटाऊन अशी पाच भौगोलिक नावे संरक्षित आहेत, आणि कॅम्पबेलटाऊनची हद्द म्हणजे आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलचा साउथ किंटायर हा प्रभाग. गेल्या शतकाच्या अखेरीस मात्र गावात स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया या दोनच डिस्टिलऱ्या उरल्या होत्या आणि एवढ्यावर स्वतंत्र प्रदेश कसा मानायचा, अशी कुजबुज व्यवसायात सुरू झाली होती. लोलंडमध्येही त्या वेळी तीनच डिस्टिलऱ्या आहेत, तेव्हा आपणही तिसरी काढू, असा पवित्रा स्प्रिंगबँकचे प्रमुख हेडली राइट यांनी घेतल्याचे सांगितले जाते. त्यांच्या कंपनीने २००० मध्ये ग्लेनगाइल ही १९२५ पासून बंद पडलेली डिस्टिलरी विकत घेतली आणि २००४ मध्ये तेथे पुन्हा उत्पादन सुरू झाले. तिची भांडी बेन व्हिव्हिस या बंद झालेल्या डिस्टिलरीतून आणलेली आहेत. ग्लेनगाइल या नावाचा व्यापारी हक्क दुसऱ्याच कंपनीकडे असल्यामुळे तेथील व्हिस्की किलकेरन या नावाने विकली जाते. व्हिस्कीच्या नकाशावरील आपल्या गावाचे नाव टिकवण्यासाठी अख्खी डिस्टिलरी उभी करणारा माणूस हट्टी म्हटला पाहिजे, आणि या हट्टाचा प्रत्यय पुढील उत्तरांतही येईल.

प्रश्न : एकेकाळी या गावात वीस-तीस डिस्टिलऱ्या होत्या असे वाचले. अमेरिकेतील दारूबंदीमुळे त्या बंद पडल्या, हे कारण पुरेसे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरेसे नाही, जरी बहुतेक ठिकाणी तेच एक कारण देऊन विषय संपवला जातो. आधी गाव इतके वाढले कसे हे पाहावे लागेल, कारण ज्या गोष्टींनी ते वाढले त्याच पुढे त्याच्यावर उलटल्या.

किंटायरमध्ये बार्ली पिकत होती, पीट म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे इंधन मुबलक होते, जवळच ड्रमलेंबल येथे कोळशाची खाण होती, आणि वाऱ्यापासून सुरक्षित असे खोल बंदर दारात असल्यामुळे ग्लासगोला माल पाठवणे सोपे होते. त्या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून पिंपे बाहेर काढणे किती कष्टाचे होते हे लक्षात घेतले, तर समुद्रकाठच्या या गावाचा फायदा उघड दिसतो. चोरून दारू गाळण्याचा धंदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवाना घेऊन काम करणे परवडेल अशा अटी घातल्या, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत गावात परवानाधारक डिस्टिलऱ्यांची रांग लागली. आल्फ्रेड बार्नार्ड या लेखकाने १८८० च्या दशकात ब्रिटनमधील डिस्टिलऱ्यांची पाहणी केली. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एकट्या कॅम्पबेलटाऊनमधील २१ डिस्टिलऱ्यांची नोंद आहे. क्रॉसहिल लॉख या गावाजवळच्या तलावाचेच पाणी त्या वापरत असत आणि स्प्रिंगबँक आजही तेच वापरते.

उतरण दारूबंदीच्या कितीतरी आधी लागली होती. १८६३ मध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात रेल्वे पोहोचली, आणि तेथील हलक्या, गोडसर व्हिस्कीला बाजार मोकळा झाला. वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून ब्लेंड तयार करणारे व्यापारी हेच तेव्हा खरे गिऱ्हाईक होते, आणि त्यांना कॅम्पबेलटाऊनचा जड, तेलकट, धुरकट माल मिश्रणावर कुरघोडी करणारा वाटू लागला. १८९८ मध्ये लीथच्या पॅटिसन बंधूंची बडी ब्लेंडिंग पेढी बुडाली, तेव्हा गोदामांत पडून असलेल्या अवाढव्य साठ्याचे सोंग उघडे पडले आणि सगळ्या व्यवसायालाच हादरा बसला. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी गाळपावर निर्बंध आले. युद्धानंतर ब्रिटिश सरकारने करवाढीचा सपाटा लावला : १९०९ मध्ये प्रूफ गॅलनमागे (ठराविक तीव्रतेच्या मद्याच्या एका गॅलनमागे) १४ शिलिंग ९ पेन्स असलेला कर १९२० पर्यंत ७२ शिलिंग ६ पेन्सवर गेला. १९२३ मध्ये ड्रमलेंबलची खाण बंद झाली आणि जवळचे स्वस्त इंधन संपले.

अमेरिकेतील दारूबंदी (१९२० ते १९३३) या सगळ्याच्या वर येऊन बसली. तिने अधिकृत बाजार बंद केला हे खरे; पण चोरट्या मार्गाने जाणाऱ्या मालाला मागणी होती, आणि त्या मागणीपायी काही मालकांनी कच्चा, घाईने गाळलेला माल वाटेल तशा पिंपांत भरला, असा आरोप ब्लेंडर मंडळी करीत. हेरिंग माशांची पिंपे वापरल्यामुळे व्हिस्कीला मासळीचा वास येई, ही कथा याच काळातील आहे. प्रतिस्पर्ध्यांनी रंगवलेली म्हणून ती बाजूला ठेवता येईल. परंतु पत घसरली होती यात शंका नाही, आणि ब्लेंडरच्या खातेवहीतून एकदा नाव कटले की ते पुन्हा चढणे फार अवघड असते. एकट्या १९२० च्या दशकात बहुतेक डिस्टिलऱ्यांना टाळे लागले. ग्लेन स्कोशियाचे मालक डंकन मॅककॅलम यांचा १९३० मध्ये त्याच क्रॉसहिल लॉखमध्ये बुडून अंत झाला. १९३४ मध्ये रीक्लाखन बंद झाल्यावर दोनच नावे उरली.

म्हणून माझे मत असे की दारूबंदी नसती तरी गावातील निम्म्याहून अधिक डिस्टिलऱ्या गेल्याच असत्या. सगळ्यांचा माल एकसारखा, गिऱ्हाईक एकाच प्रकारचे आणि कोळसा एकाच खाणीचा, अशी ती रचना होती.

प्रश्न : मग स्प्रिंगबँकच कशी टिकली? तिच्या मालकांविषयी लिहावे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या जागेवर आर्चिबाल्ड मिचेल हा माणूस विनापरवाना दारू गाळत असे. १८२८ मध्ये तेथे अधिकृत डिस्टिलरी सुरू झाली ती मिचेलांच्या सोयऱ्यांच्या, म्हणजे रीड कुटुंबाच्या नावे. ते अडचणीत आल्यावर १८३७ मध्ये जॉन आणि विल्यम या मिचेल बंधूंनी ती विकत घेतली. पुढे भावाभावांत फाटले. भांडण मेंढ्यांवरून झाले असे गावात सांगतात, आणि शेतीवाडी असलेल्या कुटुंबात ते अशक्य नाही. विल्यमने वेगळे होऊन १८७२ मध्ये ग्लेनगाइल काढली. जॉनने मुलगा अलेक्झांडर याला हाताशी घेतले, आणि त्यातून जे. अँड ए. मिचेल ही आजही मालक असलेली कंपनी आली. वर उल्लेख केलेले हेडली राइट हे आर्चिबाल्डचेच वंशज. भावकीत गेलेली ग्लेनगाइल २००० मध्ये त्यांनी परत आणली, तेव्हा त्या खरेदीत धंद्याइतकाच घराण्याचा हिशेबही असावा.

टिकण्याचे श्रेय केवळ गुणवत्तेला देण्याचा मोह टाळला पाहिजे. स्प्रिंगबँकची व्हिस्की ब्लेंडरना अजून हवी होती हे एक कारण झाले; पण ती स्वतःही १९२६ ते १९३३ या काळात बंदच होती. नंतर १९७९ मध्ये, साऱ्या स्कॉटलंडमध्ये साठे तुंबलेले असताना, ती पुन्हा थांबली आणि १९८७ पर्यंत जवळजवळ काहीच गाळले गेले नाही. २००८ मध्ये इंधन आणि बार्ली महागल्यावर आणखी एकदा खंड पडला. मोठ्या कंपनीच्या मालकीची डिस्टिलरी अशा मंदीत कायमची मोडीत निघते, कारण दूरच्या कचेरीतील ताळेबंदात ती एक तोट्याची ओळ असते. स्प्रिंगबँकचे मालक कुलूप लावून वाट पाहू शकले. १९७२ मध्ये त्यांनी विल्यम केडनहेड ही १८४२ पासून चालत आलेली, इतर डिस्टिलऱ्यांची पिंपे घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरणारी पेढी विकत घेतली होती. त्यामुळे भट्ट्या थंड असल्या तरी व्यापार अगदीच बंद नव्हता.

प्रश्न : बार्लीला हाताने मोड आणण्याची पद्धत आज केवळ पर्यटकांना दाखवण्यापुरती उरली आहे, असे एका परिचिताने सांगितले. स्प्रिंगबँकमध्ये ती खरोखर चालते का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : इतरत्र त्या परिचितांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. बहुसंख्य डिस्टिलऱ्या मोठ्या कारखान्यांकडून तयार माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, विकत घेतात. बोमोर, लाफ्रोइग, बॅल्व्हेनी अशा मोजक्या ठिकाणी जमिनीवर मोड आणण्याचे काम चालते, पण त्यातून गरजेचा काही हिस्साच भागतो. स्प्रिंगबँक आपल्याला लागणारा सगळा माल्ट स्वतः तयार करते.

काम सांगायला सोपे आणि करायला अंगमोड करणारे आहे. बार्ली दोन-तीन दिवस टप्प्याटप्प्याने भिजवायची, पाणी निथळू द्यायचे आणि मग लांबरुंद जमिनीवर एक वीत-दीड वीत जाडीचा थर पसरायचा. दाण्याला मोड येऊ लागला की त्यातील विकरे जागी होतात आणि पिष्टाचे साखरेत रूपांतर करण्याची तयारी होते. त्याबरोबर थर तापू लागतो आणि मुळ्या एकमेकींत गुंततात. म्हणून लाकडी फावड्यांनी तो दिवसरात्र, काही तासांच्या अंतराने उलथावा लागतो. बाहेर थंडी असेल तर थर जाड ठेवायचा, उकाडा असेल तर पातळ करायचा, खिडक्या किती उघडायच्या ते वाऱ्यावर ठरवायचे. पाच-सहा दिवसांनी दाणा बोटांत चुरडून पाहतात आणि आतील भाग पिठासारखा मोकळा झाला की पुढची वाढ थांबवण्यासाठी तो भट्टीच्या जाळीवर वाळवायला नेतात. पूर्वी आयुष्यभर फावडे मारणाऱ्या मजुरांचा एक खांदा कायमचा खाली झुकत असे. त्या दुखण्याला ‘माकडाचा खांदा’ म्हणत.

भट्टीत इंधन कोणते आणि किती वेळ, यावर व्हिस्कीचा धूर ठरतो. स्प्रिंगबँकसाठीचा माल्ट साधारण ६ तास पीटच्या धुरात आणि उरलेला वेळ गरम हवेत वाळतो. त्याच आवारात लॉंगरो नावाची दुसरी व्हिस्की तयार होते, तिचा माल्ट ४८ तासांपर्यंत पीटवर असतो. हेझलबर्न या तिसरीच्या माल्टला धूर मुळीच लावत नाहीत.

आता एक गोष्ट, जी स्प्रिंगबँकचे भक्त सहसा सांगत नाहीत. ही परंपरा अखंड नाही. कारखान्यांतील माल्ट स्वस्त आणि एकजिनसी मिळू लागला तेव्हा १९६० मध्ये स्प्रिंगबँकनेही आपली मोड आणण्याची जमीन बंद केली होती. ती पुन्हा सुरू झाली १९९२ मध्ये. मधल्या ३२ वर्षांत येथील प्रत्येक थेंब बाहेरच्या माल्टचा होता, आणि आज लिलावांत भक्तिभावाने घेतल्या जाणाऱ्या कित्येक जुन्या बाटल्या नेमक्या त्याच काळातील आहेत. १९९२ चा निर्णय मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच. जे आपसूक चालत आले ते चालू ठेवायला फारसा विचार लागत नाही. बंद करून पाहिलेले महागडे काम, त्याचा खर्च माहीत असताना, पुन्हा सुरू करायला मालकाला कारण लागते. ते कारण चवीइतकेच गावातील रोजगाराचेही होते. मासेमारी आणि खाण गेलेल्या या गावात फावडे धरणारे हात कामावर ठेवणे हे राइट यांचे उघड धोरण होते.

प्रश्न : आमच्याकडे काजूच्या बोंडांचा रस म्हणजे निरो, त्याच्या पहिल्या गाळपाची हुर्राक निघते, हुर्राकीत पुन्हा निरो घालून काजुलो आणि काजुलोत हुर्राक मिसळून फेणी, अशी जुन्या भट्ट्यांची रीत वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. स्प्रिंगबँक ‘अडीच वेळा’ गाळतात म्हणे. गाळप अर्धे कसे होईल? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आपण सांगितलेल्या रीतीतच उत्तराचा धागा आहे : शेवटच्या भांड्यात वेगवेगळ्या टप्प्यांवरचे दोन द्रव एकत्र घालणे. स्प्रिंगबँकमध्येही तेच होते, फक्त प्रमाण नेमून दिलेले आहे.

आधी भांड्यापर्यंत काय पोहोचते ते पाहू. माल्टची भरड उघड्या तोंडाच्या, जुन्या बिडाच्या टाकीत गरम पाण्यात कालवतात आणि निघालेला गोड रस लार्च लाकडाच्या टाक्यांत यीस्ट घालून आंबवतात. अनेक डिस्टिलऱ्या हे काम दोन-सव्वादोन दिवसांत उरकतात. येथे ते किमान ७२ तास आणि कधी ११० तासांपर्यंत चालते. यीस्टचे काम संपल्यावर लाकडात वस्तीला असलेले जिवाणू रस आंबट करतात, आणि फळांसारख्या वासांची संयुगे याच उत्तरार्धात वाढतात. रसात साखरही मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे आंबलेल्या द्रवातील मद्यार्क इतरत्र असतो त्या ८ टक्क्यांच्या पातळीहून बराच खाली राहतो. भरपूर माल काढायचा असेल तर यापेक्षा वेडी पद्धत शोधून सापडणार नाही.

भांडी तीन आहेत. पहिल्या, वॉश स्टिल म्हटल्या जाणाऱ्या भांड्याला खालून थेट ज्योत आणि आत वाफेची वेटोळी अशी दुहेरी उष्णता मिळते. ज्योतीमुळे तळाला गाळ लागू नये म्हणून आत तांब्याच्या साखळ्या फिरत राहतात. त्यातून निघालेला सौम्य द्रव म्हणजे ‘लो वाइन्स’. त्याचा मोठा भाग दुसऱ्या भांड्यात पुन्हा गाळून ‘फेंट्स’ नावाचा अधिक तीव्र द्रव मिळवतात. या भांड्याची वाफ जुन्या पद्धतीने, थंड पाण्याच्या हौदात बुडवलेल्या नागमोडी नळीतून थंड होते. तेथे वाफेचा तांब्याशी संपर्क कमी येतो आणि द्रवाला मांसल जडपणा राहतो. तिसऱ्या भांड्यात मग ८० टक्के फेंट्स आणि २० टक्के लो वाइन्स एकत्र घालतात. म्हणजे अंतिम द्रवाचा मोठा हिस्सा तीनदा गाळला गेलेला आणि लहान हिस्सा दोनदाच गाळला गेलेला असतो. काटेकोर सरासरी काढली तर आकडा २.८ येतो, अडीच नव्हे; पण बोलीत अडीचच रूढ झाले आहे आणि ते बदलण्याची कोणाला गरज वाटलेली नाही.

तिसऱ्या गाळपाने द्रव स्वच्छ आणि हलका होतो, दोनदाच गाळलेल्या भागाने त्यात जडपणा परत येतो. स्प्रिंगबँकच्या व्हिस्कीत एकाच वेळी जाणवणारा तेलकट भार आणि फळांचा तजेला यांचे बरेचसे स्पष्टीकरण या मिश्रणात आहे. लॉंगरो सरळ दोनदा आणि हेझलबर्न तीनदा गाळतात, तेही याच तीन भांड्यांतून. लॉंगरोचे पहिले गाळप १९७३ मध्ये, हेझलबर्नचे १९९७ मध्ये झाले, आणि दोन्ही नावे गावातील मृत डिस्टिलऱ्यांची आहेत. फेणीशी तुलना मात्र येथेच थांबवावी लागेल, कारण फेणीला पिंपात वर्षानुवर्षे मुरण्याची गरज नसते आणि फळाचा मूळ वास राखणे हेच तिचे उद्दिष्ट असते.

प्रश्न : जपानी व्हिस्कीचा उगम याच गावात झाला, हे कितपत खरे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ‘उगम’ हा शब्द जास्त झाला, पण संबंध खरा आहे, फक्त तो स्प्रिंगबँकशी नाही. साके तयार करणाऱ्या घराण्यातील मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला आले, ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, आणि १९२० मध्ये, रीटा कोवन हिच्याशी नुकताच विवाह झालेला असताना, कॅम्पबेलटाऊनच्या मूळ हेझलबर्न डिस्टिलरीत काही महिने काम करून त्यांनी बारकाईने टिपणे काढली. ती डिस्टिलरी १९२५ मध्ये बंद झाली. जपानला परतल्यावर त्यांनी आधी यामाझाकी या डिस्टिलरीच्या उभारणीत काम केले आणि १९३४ मध्ये होक्काइदो बेटावर योइची येथे स्वतःचा उद्योग काढला. योइचीत भांड्यांखाली आजही कोळसा जाळतात. खुद्द स्कॉटलंडमध्ये ती पद्धत जवळपास नाहीशी झाली आहे.

प्रश्न : कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीत व्हिस्की लवकर मुरते असे सांगतात. मग स्प्रिंगबँकची दहा वर्षांची आणि गोव्याची पाच-सहा वर्षांची व्हिस्की सारखीच मानायची का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : सारखी मानता येणार नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. ओकचे पिंप श्वास घेते. त्यातून दरवर्षी काही द्रव उडून जातो. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत हे प्रमाण वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास असते. गोवा आणि बंगळूर येथे ते ८ टक्के आणि त्याहूनही अधिक असल्याचे उत्पादक सांगतात. २५० लिटरच्या पिंपाचा हिशेब केला तर दहा वर्षांनी कॅम्पबेलटाऊनमध्ये सुमारे २०४ लिटर उरतील आणि ८ टक्के धरले तर गोव्यात सुमारे १०९. म्हणूनच भारतीय सिंगल माल्टवर वयाचा आकडा क्वचित दिसतो.

उष्णतेने लाकडातील रंग, गोडवा आणि तुरटपणा झपाट्याने उतरतो. मात्र हवेच्या संपर्काने द्रवात होणारे सावकाश बदल, तीव्र वासांचे मवाळ होणे, हे तापमानाच्या त्याच पटीत वेगाने होत नाही. गोव्यातील व्हिस्कीत लाकूड लवकर बोलते, कॅम्पबेलटाऊनच्या मातीच्या जमिनीच्या, समुद्राच्या दमट हवेतल्या गोदामांत भांड्यातील द्रवाला स्वतःचे म्हणणे मांडायला अवधी मिळतो. पॉल जॉन सहा ओळींच्या कणसाची भारतीय बार्ली वापरते आणि धुरकट प्रकारासाठी पीट स्कॉटलंडहून आणते. बंगळूरच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत बाजारात आणून या वर्गाला वाट करून दिली होती. त्यांना स्कॉचची घाईने वयात आलेली नक्कल समजणे हा अन्याय आहे. उष्ण प्रदेशात पिंप केव्हा रिकामे करायचे हे ठरवणे उलट अधिक जोखमीचे, कारण एखादा उन्हाळा जास्त झाला तरी लाकूड सगळ्यावर मात करते.

स्प्रिंगबँकपुरते सांगायचे तर बूर्बन (अमेरिकी व्हिस्की) आणि शेरी (स्पॅनिश वाइन) यांची जुनी पिंपे प्रामुख्याने वापरली जातात, रंगासाठी कॅरमेल घालत नाहीत, आणि व्हिस्की थंड करून गाळणीतून काढण्याची प्रक्रियाही करत नाहीत. नेहमीच्या दहा वर्षांच्या बाटलीत मद्यार्क ४६ टक्के असतो; थंड करून गाळणीतून काढलेली नसल्यामुळे बर्फ घातल्यावर ती किंचित गढूळ झाली तर माल खराब असल्याची तक्रार करू नये.

प्रश्न : लंडनमध्येही स्प्रिंगबँकची बाटली छापील दरात मिळणे कठीण झाले आहे. इतकी मागणी असताना उत्पादन का वाढवत नाहीत? आणि भारतात ती स्वस्त होण्याची शक्यता आहे का? – एक मराठी वाचक, लंडन

उत्तर : यंत्रे पूर्ण वेळ चालवली तर वर्षाला सुमारे साडेसात लाख लिटर मद्यार्क निघू शकेल, पण ती क्षमता कधीच पूर्ण वापरली जात नाही. (ग्लेनफिडिकसारख्या डिस्टिलरीची क्षमता २ कोटी लिटरच्या घरात आहे.) अडसर भांड्यांचा नाही. अडसर मोड आणण्याच्या जमिनीचा आहे, कारण सगळा माल्ट घरचाच वापरायचा ठरवले की ती जमीन जेवढे देईल तेवढेच गाळता येते; शिवाय ग्लेनगाइलसाठीचा माल्टही तेथेच तयार होतो. बाहेरून माल्ट घेतला तर उत्पादन पुढच्याच महिन्यात वाढेल. ते करायचे नाही असा निर्णय आहे, आणि कंपनी खासगी असल्यामुळे त्याबद्दल भागधारकांना उत्तर द्यावे लागत नाही. हेडली राइट यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

या धोरणाचा त्रास सामान्य ग्राहकाला होतो हेही मान्य केले पाहिजे. डिस्टिलरी ज्या दराने माल सोडते तो वाजवी असतो. पण दुकानातून उचलून लिलावात दुप्पट-तिप्पट भावाने विकणाऱ्यांची एक जमातच तयार झाली आहे, आणि टंचाईचा नफा फावडे मारणाऱ्या कामगाराला न मिळता त्यांना मिळतो. आज उत्पादन वाढवले तरी दहा वर्षांची व्हिस्की दहा वर्षांनीच येणार, त्यामुळे यावर झटपट उपाय नाही.

भारतातील किमतीविषयी : २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. त्याचा लाभ मोठ्या प्रमाणात येणाऱ्या ब्रँडना प्रथम मिळेल. राज्यांचे उत्पादनशुल्क त्याव्यतिरिक्त राहतेच, आणि जी व्हिस्की देशोदेशीच्या वितरकांना मोजून वाटली जाते तिची किंमत शुल्कापेक्षा तुटवड्यावर अधिक ठरते. चव पाहण्याचीच इच्छा असेल तर किलकेरनची १२ वर्षांची बाटली शोधावी. तिचा माल्ट स्प्रिंगबँकच्याच जमिनीवर तयार होतो, पाणी त्याच तलावाचे असते, आणि लिलाववाल्यांची नजर तिच्यावर तुलनेने कमी आहे.